चौथ्या भागातलं चालणं

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि त्या वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा व्हिडिओ गेम खेळलो. एकच खेळलो, पण नीट खेळलो. तो गेम भिकार आहे असं लोकांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. तरी सांगतो, लोकांचं चुकलं होतं.

आम्ही असोद्याचे. घरची केळीची बाग आहे. मुलगा पुण्याला कंपनीत होता. काम काय, तर परदेशी गेममधल्या माणसांना चालवायचं, बसवायचं, पाडायचं. चित्र दुसरा कोणी काढतो, त्याला हालचाल हा देतो. मला हे काम म्हणून कधी पटलं नाही. गावात कोणी विचारलं तर मी 'कॉम्प्युटरचं आहे काहीतरी' एवढं सांगून विषय बदलायचो.

त्या वर्षी ऐन मे महिन्यात तो दोन बॅगा आणि गेम खेळायचं एक काळं यंत्र घेऊन घरी आला. कंपनीने त्यांची अख्खी तुकडी बंद केली होती. ज्या गेमवर ते तीन वर्षं बसले होते तो पडला होता. मुलगा एकतीस वर्षांचा, पण आल्यापासून मान खाली घालून जेवायचा आणि ताट उचलून आत जायचा.

त्या गेमचे आधी तीन भाग निघालेले. तांब्याच्या रंगाचं शिरस्त्राण घातलेला एक बहाद्दर असतो. तो उडतो, मोटारी उचलून फेकतो, इमारतीच्या आरपार जातो. हे तीन भाग लोकांनी डोक्यावर घेतले. चौथ्या भागात काय केलं, तर सुरुवातीलाच त्याची उडायची ताकद घालवली. शहरात मोठा भूकंप झालेला, लिफ्ट बंद, जिने अर्धे तुटलेले, आणि याने एकेका माणसाला खांद्यावर घेऊन खाली आणायचं. बराचसा गेम हाच. त्यातलं खांद्यावर माणूस घेऊन चालणं आमच्या मुलाने केलं होतं, एकट्याने.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळला तो एका माणसाचा आवाज. मुलगा ओट्यावर बसून मोबाइलवर तोच तो व्हिडिओ लावायचा. त्यात कोणीतरी हिंदीत ओरडत असायचा, "अरे भाई, ये सुपरहीरो है कि कुली? तीन पार्ट उड़ाया, अब बोझा उठवा रहे हो!" आणि मग खदाखदा हसायचा.

दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "हा कोण?"

"कोणी नाही, आबा."

"कोणी नाही तर रोज कशाला ऐकतोस?"

"आमच्या गेमबद्दल बोलतोय. सगळेच असं बोलले."

"आणि कुली कोणाला म्हणतोय?"

"हिरोला. गेमच हमालीचा आहे आबा, त्याचं काय चुकलं?"

मी स्वतःची बाग करायच्या आधी बारा वर्षं रावेरकडच्या बागांमध्ये दुसऱ्यांचे घड वाहिलेत. कुली हा शब्द मला कोणी तोंडावर म्हटला असता तर त्याचं काय झालं असतं ते त्याच्या घरच्यांनी पाहिलं असतं. मी म्हणालो, "लाव तो गेम. मला बघायचाय."

"बघायचाय की खेळायचाय?"

"खेळायचाय."

"आबा, तुम्हाला टीव्हीचा आवाज कमी करता येत नाही."

"मला करायचा नसतो. ट्रॅक्टर कोणी शिकवला होता मला? लाव."

बायको आतून बाहेर आली. ती धुळ्याकडची, लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली तरी बोली तिकडचीच. "तुमनं डोकं फिरनं का? या वयमा गेम खेळतस का?"

मुलाने वैतागून वायरी जोडल्या. हातात धरायचं ते कंट्रोलर दिलं. याने चालायचं, याने उचलायचं, याने खाली ठेवायचं, अशी तीन बटणं दाखवली आणि मोटरसायकल काढून जळगावला निघून गेला.

पहिला तास तो बहाद्दर भिंतीला डोकं लावून उभा होता, कारण माझा अंगठा जाड आहे. मग जमलं. तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारी टेबलाखाली अडकलेली होती. तिला उचलण्याचं बटण दाबलं, त्याने तिला खांद्यावर घेतली, आणि मी थांबलो.

केळीचा घड कसा वाहतात ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. एक जण खोड कापतो, दुसरा खांदा देऊन खाली उभा राहतो. घड वरून अलगद खांद्यावर उतरतो. तो जमिनीला लागू द्यायचा नाही. खांद्यावर आला की लगेच निघायचं नाही, गुडघ्यातून एक लहानशी उसळी घ्यायची, म्हणजे वजन आपल्या जागी बसतं. मग पाऊल टाकायचं ते चवड्यावर, टाच मागून. बाजूला बघायचं तर मान वळवायची नाही, अख्खं अंग वळवायचं. आणि पळायचं तर मुळीच नाही. पळालं की घड झोके खातो, फण्या एकमेकींना घासतात, आणि घासलेली जागा दुसऱ्या दिवशी काळी पडते.

टीव्हीतल्या बहाद्दराने म्हातारीला खांद्यावर घेतली, गुडघ्यातून उसळी घेतली, आणि चवड्यावर पाऊल टाकलं. जिन्याच्या वळणावर मी त्याला उजवीकडे नेला तर तो अख्खा वळला.

मी कंट्रोलर मांडीवर ठेवलं.

मुलगा दहावीत होता त्या उन्हाळ्यात हट्टाने कापणीला आला होता. चौथ्या दिवशी त्याच्या खांद्यावरून घड सरकला. पडला नव्हता, सरकला होता. मी सगळ्या टोळीसमोर तो त्याच्या खांद्यावरून काढून घेतला आणि म्हणालो, "तुझ्या अंगात हे नाही. जा, बस तिकडे." तो बांधावर जाऊन बसला. पुढचे दोन उन्हाळे तो तिथेच बसायचा, आम्हाला बघत. मला वाटायचं, रिकामा बसतो.

दुसऱ्या दिवशी त्या म्हातारीला घेऊन मी खाली उतरत होतो तेव्हा ती बोलायला लागली. इंग्रजीत. मुलगा घरात होता, त्याला हाक मारली.

"ही काय म्हणते?"

तो दारातच थांबला. "तुम्हाला ती बोलताना ऐकू आली?"

"बहिरा नाही मी. काय म्हणते?"

तो माझ्या शेजारी येऊन बसला. "म्हणते, गॅसवर दूध ठेवलंय. बंद केलं की नाही आठवत नाही."

"मग?"

"मग काही नाही. पुढच्या जिन्यावर सांगते की मुलगी ओरडेल."

बायको गवारीच्या शेंगा निवडायला घेऊन तिथेच बसली होती. तिने विचारलं, "दूध उतू गयं का तिनं?"

"ते दाखवलं नाही, आई."

"दाखवायला पाहिजे होतं," मी म्हणालो, आणि हे माझं आजही मत आहे.

त्यानंतर तीन दिवस, दुपारी वीज असेल तेवढा वेळ, मी खेळायचो आणि तो शेजारी बसून खांद्यावरची माणसं काय बोलतात ते सांगायचा. एक जाडा माणूस होता, तो सारखा म्हणायचा, मी जड आहे, मला ठेवा, दुसऱ्याला न्या. एक वॉचमन होता, त्याने ते जिने इतकी वर्षं चढलेले की किती पायऱ्या राहिल्या ते तो अंधारातही बरोबर सांगायचा. एक बाई सहा मजले काहीच बोलली नाही आणि खाली ठेवल्यावर बहाद्दराला म्हणाली, तुझी पाठ भिजली आहे. हे ज्याने लिहिलं त्याने कधीतरी माणूस वाहिला असेल, नाहीतर त्याला स्वतःला कोणी वाहून नेलं असेल.

गेममध्ये सगळंच चांगलं आहे असं मी म्हणत नाही. मधूनमधून यंत्रमानवांशी मारामाऱ्या आहेत, त्या नसत्या तरी चाललं असतं. माणूस खांद्यावर असताना कोणी मारामारी करायला थांबतं का? एकच जिना चार इमारतींना वापरलाय, तो कंटाळा आणतो. आणि शेवटी त्या बहाद्दराची उडायची ताकद परत येते, तिथे तर मातीच केली. उडायला लागल्यावर त्याच्या पायांना कामच उरत नाही. मुलगा म्हणाला, लोकांना तो एवढाच भाग आवडला. मी तो थोडा पाहिला आणि बंद केला. पण पहिल्या तीन भागांतली उडती मारामारीही मुलाने मला लावून दाखवली होती. ती बघून झाल्यावर मला त्यातला एकही माणूस आठवला नाही. चौथ्यातली सगळी आठवतात.

आता खरी अडचण सांगतो. हैदराबादच्या एका कंपनीने मुलाला कळवलं होतं की तुम्ही स्वतः केलेलं काम दोन-तीन मिनिटांत दाखवा, ते बघून ठरवू. रविवारपर्यंत पाठवायचं होतं. ते जमलं नाही तर धुळ्याला मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं, असं त्याने ठरवून मामाला सांगूनही टाकलं होतं. दुकान वाईट नाही, मामाही चांगला. पण मुलगा तिथे बसला असता तर एखाद्या गोष्टीला लाजून बसला असता. आणि ती गोष्ट आमच्या बागेतली होती. मला ते चालणार नव्हतं.

शनिवारी दुपारी मी नानांना चहाला बोलावलं. नाना म्हणजे आमच्या टोळीचे जुने मुकादम, ऐंशीच्या पुढचे. घड उचलायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांना काही न सांगता खुर्चीत बसवलं आणि त्या जाड्या माणसाला उचलून चालायला लागलो.

नाना चहा बशीत ओतत होते. थांबले. काठीवर हनुवटी टेकवून बघायला लागले.

"कोणाच्या टोळीत होता हा?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"हाच. लोखंडी टोपीवाला. रावेरचा वाटतो. बघ, मान नाही वळवली, अख्खा वळला."

"तुम्हीच सांगा कोणाच्या टोळीतला ते."

"माझ्या टोळीतला असता तर खांद्यावर गोणपाटाची घडी घेतली असती. संध्याकाळी खांदा सोलून निघेल याचा. पण पाऊल चोख आहे."

मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मी नानांना म्हणालो, "याने केलंय ते चालणं."

नानांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हणजे बांधावर बसून झोपा नव्हतास काढत."

"नाही, नाना."

"मग घडी कशी विसरलास?"

"राहिली, नाना."

"राहिली कशी? पुढच्या वेळेला घाल." एवढं बोलून त्यांनी बशी तोंडाला लावली.

नाना गेल्यावर मी मुलाला म्हणालो, "हैदराबादला काय पाठवतोस ते दाखव." त्याने लॅपटॉप उघडला. तिसऱ्या भागातला बहाद्दर हवेत उभा, आणि त्याच्या पाठीवरचं लांब लाल कापड मागे फडफडतंय. वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून.

"हे काय? धुणं वाळत घातलंय?"

"ते कापड मी केलंय, आबा. अवघड असतं."

"चालणं कुठंय?"

"ते नाही घातलं."

"का?"

"लोक हसले त्याला. कोणी नवीन माणूस कामाला घेताना हसं झालेलं काम बघणार का?"

"मी नाही हसलो. नाना नाही हसले."

तो म्हणाला, "आबा, खरं सांगू? तुम्ही वेगळाच गेम खेळलात. लोक जो खेळले तो हा नाही. यात पळायचं बटण आहे. मी तुम्हाला ते दाखवलंच नव्हतं."

"पळायचं?"

त्याने माझ्या हातातून कंट्रोलर घेतलं, त्या जाड्या माणसाला उचललं आणि वरचं एक बटण दाबून धरलं. बहाद्दर धावत सुटला. खांद्यावरचा माणूस ओल्या गोणपाटासारखा आपटत होता, हात इकडेतिकडे. अर्ध्या मिनिटात सहा मजले संपले. आणि त्या सबंध वेळात तो जाड्या एक शब्द बोलला नाही.

"हा गप्प का झाला?"

"पळताना बोलत नाहीत. बोलणं फक्त चालतानाचं आहे. पण चालतं कोण? बटण दिसलं की सगळे पळतात."

मला खरंच राग आला. "खांद्यावर माणूस असताना पळायचं बटण दिलं कशाला? कोणी दिलं?"

"वरच्यांनी. खेळून बघणारे कंटाळले म्हणाले. शेवटच्या दोन महिन्यांत घुसवलं. हे धावणं माझं नाही, दुसऱ्याकडून घाईत करून घेतलं. मी भांडलो होतो आबा, की वजन घेतलेला माणूस पळत नाही."

"किती भांडलास?"

"म्हणजे?"

"किती दिवस?"

"दोन."

"मग?"

"मग थांबलो."

"तिथे चुकलास. आठ दिवस भांडायचं होतं."

"नोकरी गेली असती."

"तशीही गेलीच."

यावर तो हसला. घरी आल्यापासून पहिल्यांदा. बायको आतून म्हणाली, "हसना का तो? मंग जेवाले वाढू का?"

मी त्याला म्हणालो, "ती उसळी बरोबर घेतलीस. वजन बसवायची. ती मी तुला शिकवली नव्हती." माफी मागायची मला सवय नाही, आणि ज्याची मागायची ते सोळा वर्षांपूर्वीचं होतं. तो समजला असावा, कारण त्याने लॅपटॉपवरचं ते फडफडणारं कापड बंद केलं.

जेवताना त्याने स्वतःच सांगितलं, "चालणं पाठवतो. पण नुसतं गेममधलं पाठवलं तर त्यांना ते हळू वाटेल, इतरांना वाटलं तसं. एका बाजूला खरा माणूस आणि दुसऱ्या बाजूला हा, असं दाखवायला पाहिजे. म्हणजे कळेल की हे कुठून आलं."

"मग दाखव."

"खरा माणूस लागेल, आबा."

ताटातून मान वर न करता, नुसते डोळे उचलून तो माझ्याकडे बघत होता. बायकोने दोघांकडे पाहिलं आणि हातातला पळा खाली ठेवला.

"अजिबात नही," ती म्हणाली. "वय काय शे तुमनं?"

"एकाहत्तर," मी म्हणालो.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. त्याला ते काम मिळालं, महिन्याभराने. हैदराबादला आता तो म्हातारी माणसं आणि जनावरं चालवतो. मी गावात कोणी विचारलं तर नीट समजावून सांगतो, ऐकणारा कंटाळेपर्यंत. चौथा भाग मात्र आजही लोक वाईटच म्हणतात. त्यांनी पळून पाहिलाय, त्यांना काय सांगणार.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, उन्हं चढायच्या आत आम्ही बागेत गेलो. कापणाऱ्या गड्याने माझ्यासाठी मुद्दाम लहान घड हेरून ठेवला होता. मी त्याला शेजारचं, मोठ्या घडाचं खोड दाखवलं. नाना बांधावर येऊन बसले होते, बायको येणार नाही म्हणाली होती आणि आली होती. गड्याने कोयता घातला, मी गोणपाटाची घडी टाकून खाली खांदा दिला, घड उतरला. गुडघे बोलले, पण वजन बसलं. मुलगा मोबाइल धरून माझ्यापुढे उलटा चालत होता. सरीतून वीसेक पावलं गेलो असेन, तर त्याच्या मागे पाण्याची चारी आली. "मागे बघ!" मी ओरडलो, आणि ओरडताना मान वळली.

"गेलं," नाना बांधावरून म्हणाले. "मान वळवलीस."

मी बांधापर्यंत जाऊन घड पानांवर अलगद ठेवला, खांदा चोळला, आणि गड्याला पुढचं खोड कापायला सांगून परत सरीत शिरलो.